विनय की विनायक? मुलाच्या नावांतील ध्वनिसाम्याचा विचार

मराठी कुटुंबात मुलाच्या नावाची निवड लांबत जाते, तेव्हा अखेरीस उरलेली दोन-तीन नावे एकमेकांपासून फारशी दूरची नसतात. विनय की विनीत, अमित की अमेय, आरव की आरुष, पार्थ की पार्थिव अशा एखाद्या जोडीपाशी येऊन घरातील चर्चा अडते आणि मग कोणी अर्थाचा, कोणी पत्रिकेचा, तर कोणी केवळ कानाला गोड लागण्याचा आधार घेऊन कौल देतो. सारख्या ध्वनीची नावे समोर येण्यामागे नातेसंबंध, ज्योतिषातील अक्षरयोजना आणि काळाची रुची अशी निरनिराळी कारणे असतात. आणि त्यांतून एक नाव निवडताना ध्वनी, व्युत्पत्ती, लेखन आणि परिसराची बोली या सर्वांचा विचार करावा लागतो. नाव यादीत कसे दिसते यापेक्षा ते ज्या घरात, ज्या गावात आणि ज्या माणसांच्या तोंडी आयुष्यभर राहणार आहे तेथे ते कसे वागेल, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या आधाराने हा विचार विशेष स्पष्टपणे मांडता येतो, कारण नावांची परंपरा, बोलीची वैशिष्ट्ये आणि आडनावांची मर्यादित संख्या या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आढळतात.

पेण हे गणेशमूर्तींचे गाव म्हणून महाराष्ट्रभर परिचित आहे. पेण शहराबरोबरच हमरापूर, जोहे या परिसरातील गावांत मूर्तिकामाच्या कार्यशाळा वर्षभर चालतात. अष्टविनायकांपैकी दोन स्थाने, खालापूर तालुक्यातील महडचा वरदविनायक आणि सुधागड तालुक्यातील पालीचा बल्लाळेश्वर, याच जिल्ह्यात आहेत. साहजिकच गणपतीची नावे या भागात पिढ्यान्‌पिढ्या ठेवली जात आली आहेत. पेण तालुक्यातील गागोदे या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या आणि पुढे विनोबा भावे म्हणून जगाला माहीत झालेल्या मुलाचे नाव विनायक ठेवले गेले होते. त्यानंतर जेमतेम चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळच्या नाते येथे जन्मलेले आणि रोह्याच्या देशमुख घराण्यातील असलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री झाले. विनायक आणि चिंतामण ही दोन्ही एकाच दैवताची नावे. परंतु ध्वनीच्या दृष्टीने त्यांत एकही अक्षर समान नाही. एकाच दैवतावरील श्रद्धा जपूनही कानाला पूर्णतः वेगळी वाटणारी नावे ठेवता येतात, एवढे या जोडीवरून दिसते. रोह्यातच १९ ऑक्टोबर १९२० रोजी जन्मलेले स्वाध्याय परिवाराचे प्रणेते पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या नावात विठ्ठल आहे. त्या काळी दैवताच्या शेकडो नावांतून एक निवडणे हाच नामकरणाचा मुख्य मार्ग होता.

त्या निवडीला आणखी एक बंधन होते, ते म्हणजे आजोबांचे नाव नातवाला देण्याचे. श्रीवर्धनच्या भट घराण्यात, म्हणजे पुढच्या पेशवे घराण्यात, विश्वनाथपंतांचा मुलगा बाळाजी, बाळाजीचा मुलगा बाजीराव आणि बाजीरावाचा मुलगा पुन्हा बाळाजी, अशी नावांची आवर्तने दिसतात. बाजीरावाचे मूळ नाव विसाजी हे तर विश्वनाथ या आजोबांच्या नावाचेच घरगुती रूप होते. आजोबांचे नाव जसेच्या तसे ठेवले की सुनेला सासऱ्याचे नाव घेऊन मुलाला हाक मारणे किंवा रागावणे शक्य नसे, म्हणून बाळ, नाना, बापू, अण्णा अशी दुसरी नावे घरात रूढ होत. आजच्या कुटुंबांत आजोबांचे नाव जुने वाटते, पण सोडवतही नाही. तेव्हा त्या नावाची सुरुवात किंवा त्यातील एखादा ध्वनी नव्या नावात राखला जातो. विनायकरावांच्या नातवाचे नाव विनय किंवा विनीत होते, चिंतामणरावांच्या नातवाचे चिन्मय होते. ध्वनिसाम्य असलेल्या नावांकडे केवळ अनुकरण म्हणून पाहणे म्हणूनच अन्यायाचे ठरते. त्यामागे बऱ्याचदा एका माणसाची आठवण जपण्याची इच्छा असते आणि ती इच्छा आदराने पाहण्याजोगी आहे.

या जोड्यांत ध्वनीबरोबर अर्थाचे नातेही कधी कधी टिकून राहते. विनायक, विनय आणि विनीत हे तिन्ही शब्द ‘नी’, म्हणजे नेणे, या एकाच संस्कृत धातूपासून, ‘वि’ हा उपसर्ग लागून तयार झाले आहेत. धातू म्हणजे क्रियेचा अर्थ सांगणारे शब्दाचे मूळ, आणि उपसर्ग म्हणजे त्याच्या आधी जोडले जाणारे, अर्थाला वळण देणारे पद. विनायक म्हणजे विशेष नेता, विनय म्हणजे शिस्त आणि त्यातून येणारी नम्रता, तर विनीत म्हणजे ज्याला अशी शिस्त लागली आहे तो. चिंतामण आणि चिन्मय यांचे नाते थोडे वेगळे आहे. चिंतामणी म्हणजे मनातील इच्छा पुरविणारे रत्न, तर चिन्मय हा ‘चित्’ या शब्दाला ‘मय’ हा प्रत्यय लागून झालेला, शुद्ध चैतन्याने भरलेला अशा अर्थाचा शब्द आहे. तथापि गणपती अथर्वशीर्षात गणेशाला चिन्मय म्हटलेले असल्यामुळे आजोबांचे नाव आणि नातवाचे नाव पुन्हा एकाच दैवतापाशी येऊन मिळतात. अशी जोडी सापडली, तर तिच्याहून चांगली तडजोड क्वचितच मिळेल.

ध्वनिसाम्याचे दुसरे मोठे कारण पत्रिकेत आहे. ज्योतिषात चंद्राच्या मार्गाचे २७ नक्षत्रांत आणि प्रत्येक नक्षत्राचे चार चरणांत विभाजन केलेले असून, या १०८ चरणांना एकेक अक्षर नेमून दिलेले आहे. अश्विनी नक्षत्राला चू, चे, चो, ला ही अक्षरे येतात, रोहिणीला ओ, वा, वी, वू येतात आणि चित्रा नक्षत्राला पे, पो, रा, री. बाळाच्या जन्मवेळी चंद्र ज्या चरणात असेल त्याच्या अक्षराने सुरू होणारे नाव शोधायचे म्हटले, की निवडीचे क्षेत्र एकदम आकसते. ‘री’ हे अक्षर आले की रितेश, रिद्धेश, ऋषभ, रिषी, रिहान या सर्वांचा एकाच वेळी विचार सुरू होतो आणि ती सर्व नावे आरंभी सारखीच ऐकू येतात. जुन्या पद्धतीत ही अडचण फारशी जाणवत नसे, कारण अशा अक्षरावरून ठेवलेले नावरस नाव पत्रिकेपुरते राही आणि हाक मारण्याचे व्यवहारनाव वेगळे असे. आश्वलायन गृह्यसूत्रात तर मुंजीपर्यंत केवळ आईवडिलांनाच माहीत असावे असे अभिवादनीय नाव सांगितले आहे, म्हणजे गुरूला वंदन करताना उच्चारायचे नाव. पत्रिकेचे अक्षर मानणाऱ्या कुटुंबाने नावरस नाव आणि व्यवहारनाव पुन्हा वेगळे ठेवले, तर श्रद्धेलाही बाध येत नाही आणि निवडही मोकळी होते.

नावाच्या ध्वनीचा विचार आपल्याकडे फार प्राचीन काळापासून झालेला आहे. गृह्यसूत्रे म्हणजे घरगुती संस्कारांचे विधी सांगणारे ग्रंथ. त्यांपैकी पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, त्याची सुरुवात घोष वर्णाने व्हावी आणि मध्ये अंतस्थ वर्ण यावा, असे सांगितले आहे. ज्या व्यंजनाच्या उच्चारात कंठातील स्वरतंतू कंप पावतात ते घोष, जसे ग, ज, द, ब. आणि स्वर व व्यंजन यांच्या सीमेवर असलेले य, र, ल, व हे अंतस्थ. कंप पावणाऱ्या ध्वनीने सुरू होणारे, मध्ये प्रवाही वर्ण असलेले आणि आटोपशीर लांबीचे नाव दूरवर स्पष्ट पोहोचते, हे या नियमातून सहज उमगते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात याच परंपरेचा उल्लेख करताना आणखी दोन अटी नोंदविल्या आहेत: नाव तीन पूर्वजांच्या पिढ्यांना अनुसरणारे असावे आणि ते शत्रुपक्षात रूढ असलेले नसावे. म्हणजे नाव निवडताना ते आपल्या घराशी कसे जुळते आणि दुसऱ्या कोणाशी त्याची गल्लत होते का, हे दोन्ही प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच विचारले गेले होते. मनुस्मृतीत नामकरणासाठी दहावा किंवा बारावा दिवस सांगितला आहे आणि मराठीतील ‘बारसे’ हा शब्द त्या बाराव्या दिवसावरूनच आला आहे. बारशाला पाळण्याच्या वरून-खालून बाळ देता-घेता बायका गोविंद आणि गोपाळ ही नावे घेतात, तीही ‘गो’ या एकाच अक्षराने सुरू होणारी आणि एकाच कृष्णाची. त्यानंतर आत्या बाळाच्या कानात खरे नाव सांगते.

काळाची रुची हे तिसरे कारण. एकेकाळी कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ साली रायगड असे नामांतर झालेल्या याच जिल्ह्यात, सखाराम, बाळाराम, आत्माराम, तुकाराम, शांताराम अशी ‘राम’ने संपणारी नावे गावोगावी आढळत, त्याआधीच्या आंग्रेकाळात तर कान्होजींच्या मुलांपैकी सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी आणि येसाजी ही सर्व नावे ‘जी’नेच संपणारी होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘ईश’ची लाट आली. ईश म्हणजे स्वामी. रमा आणि ईश मिळून रमेश म्हणजे विष्णू, उमा आणि ईश मिळून उमेश म्हणजे शंकर, दिन आणि ईश मिळून दिनेश म्हणजे सूर्य, सुर आणि ईश मिळून सुरेश म्हणजे इंद्र. रमेश आणि उमेश यांच्यात ध्वनीचा फरक केवळ पहिल्या अक्षराचा, परंतु दैवते मात्र वेगळी. अलीकडची लाट ‘अंश’ची आणि ‘आन’ची आहे: शिवांश, देवांश, रुद्रांश, रेयांश, विहान, ईशान, रिहान. यांतील शिवांश, देवांश यांचा अर्थ उघड आहे, त्या त्या देवाचा अंश. रेयांशचे पूर्वपद मात्र तितके सहज सापडत नाही. ही घटना केवळ मराठीची नाही. अमेरिकेतही एडन, जेडन, ब्रेडन, केडन अशी एकाच शेवटाची मुलांची नावे या शतकाच्या आरंभी मोठ्या संख्येने ठेवली गेली आणि समाजशास्त्रज्ञ स्टॅनली लीबरसन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नावांची आवड ध्वनींच्या मार्गाने कशी सरकते हे विस्ताराने मांडले. एक नाव लोकप्रिय झाले की त्याच्या ध्वनीचे शेजारी नाव नवे आणि तरीही ओळखीचे वाटते, म्हणून एकाच वर्गात शिवांश, देवांश आणि रुद्रांश एकत्र येतात.

नाव दैनंदिन वापरात आले की ते तसेच राहत नाही, आणि दोन सारख्या नावांतील फरकाची परीक्षा तेथेच होते. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात प्रेमाने किंवा कणवेने नाव लहान करण्याचे नियम दिले आहेत. त्यांनुसार अनेक अक्षरी नावातील दुसऱ्या स्वरानंतरचा भाग गळतो आणि देवदत्ताचा देविक, देविय किंवा देविल होतो. मराठीत हेच काम ‘या’ हा शेवट करतो. गणेशचा गण्या, रमेशचा रम्या, दिनेशचा दिन्या. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे: विनायक, विनय, विनीत आणि विनोद ही चार नावे कागदावर वेगळी असली, तरी अंगणातल्या हाकेत चारही ‘विन्या’च होतात. विनोबांची आई त्यांना विन्या म्हणत असे. पुढे आश्रमात ‘बा’ हा आदरार्थी शेवट लागून विनायकाचा विनोबा झाला, जसा बाळकृष्ण या त्यांच्या भावाचा बाळकोबा. विनायक आणि विनय यांतील निवड करताना घराने शब्दशः दोन नावे तोलली, तरी हाकेत दोन्हींचे एकच होणार असेल, तर ती निवड कागदापुरती राहते. आरव, आरुष आणि आर्यन यांचे ‘आरू’ होणे किंवा अभिजित, अभिषेक आणि अभय यांचे ‘अभी’ होणे याच जातीचे आहे. यात वाईट काही नाही. मात्र सख्ख्या किंवा चुलत भावंडांपैकी एकाचे नाव आधीच त्याच लघुरूपाचे असेल, तर दुसऱ्यासाठी तसे नाव टाळणे हाच शहाणपणा.

परिसराची बोली ही परीक्षा आणखी कठीण करते. पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, आणि त्याच्या आसपास आगरी बोली मोठ्या प्रमाणात बोलली जाते आणि तिच्यात प्रमाण मराठीतील ‘ण’ हा ‘न’सारखा, तर ‘ळ’ हा ‘ल’सारखा उच्चारला जातो. अर्णव हे नाव ठेवणाऱ्या कुटुंबाने आजी-आजोबांच्या तोंडी ते अर्नव होईल हे आधीच गृहीत धरावे. त्यात उणेपणा नाही, कारण बोलीतील उच्चार हा तिच्या नियमांनी चालणारा शुद्ध उच्चारच असतो. परंतु ज्या दोन नावांतील फरक केवळ ‘ण’ आणि ‘न’ यांवर किंवा ‘ळ’ आणि ‘ल’ यांवर उभा आहे, तो फरक त्या घरात ऐकूच येणार नाही. ग्रामीण मराठीत शब्दाच्या आरंभीचा ‘वि’ पुष्कळदा ‘इ’ होतो, विठ्ठलाचा इठ्ठल आणि विनायकाचा इनायक होतो; मग विहान आणि इहान या दोन नावांत काय उरते? ऱ्हस्व आणि दीर्घ इकाराचा फरक तर प्रमाण मराठीच्या बोलण्यातही क्षीण आहे. जो फरक केवळ लेखणीला दिसतो आणि कानाला ऐकू येत नाही, त्यावर दोन नावांची निवड टाकू नये.

लेखणीचे मात्र स्वतःचे नियम आहेत आणि ते जन्मदाखल्यावर नाव लिहिण्याआधी पाहिले पाहिजेत. नीरव हा शब्द ‘निः’ आणि ‘रव’ यांचा संधी आहे. विसर्गापुढे ‘र’ आल्यास विसर्गाचा लोप होऊन आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो, म्हणून नीरव हे रूप दीर्घच लिहिले पाहिजे. नीरज या नावाचे दोन अर्थ होतात, पाण्यात जन्मलेले कमळ आणि धूळ नसलेला. परंतु पहिल्यात ‘नीर’ हा शब्द मुळातच दीर्घ असून दुसऱ्यात वरील संधिनियम लागू होतो, त्यामुळे ‘निरज’ या लेखनाला कोणत्याही अर्थाने आधार मिळत नाही. अजित आणि अभिजित यांतील ‘जित’ ऱ्हस्व आहे. ‘जीत’ हे लेखन हिंदीच्या प्रभावाने आले असावे. शिवाय दोन्ही नावांत ‘जित’ दिसत असला, तरी व्याकरण निराळे आहे: अजित म्हणजे न जिंकला गेलेला, तर अभिजित म्हणजे जिंकणारा. रवी, हरी यांसारख्या नावांबाबत १९६२ सालच्या मराठी लेखनविषयक नियमांनी व्यक्तिनामे दीर्घान्त लिहावीत असे ठरविले आहे. रविकिरण अशा सामासिक नावात मात्र ‘वि’ ऱ्हस्व राहतो. रोमन लिपीत ही सगळी काळजी वाया जाते, कारण तेथे द आणि ड, त आणि ट, ण आणि न यांना वेगळी अक्षरेच नाहीत. बँकेच्या, पारपत्राच्या आणि परीक्षेच्या कागदांवर नाव रोमन लिपीतच जाणार असल्यामुळे, ते त्या लिपीत एकाच प्रकारे लिहिता येते की चार प्रकारे, हे पाहणे आवश्यक ठरते.

अर्थाच्या बाबतीत ध्वनिसाम्य सर्वांत अधिक फसवते. आरव या नावाचा अर्थ शांत असा सांगण्याची पद्धत पडली आहे. संस्कृतात मात्र ‘रव’ म्हणजे आवाज आणि ‘आरव’ म्हणजे मोठा आवाज, आरोळी. शांत असा अर्थ हवा असेल, तर तो नीरव या शेजारच्या नावात आहे. दोन नावे केवळ पहिल्या अक्षराने वेगळी, परंतु अर्थाने परस्परांच्या नेमकी उलट. विनय आणि अनय यांचेही तसेच. ‘नय’ म्हणजे नीती, आणि तिला नकारार्थी ‘अ’ लागून झालेला अनय म्हणजे अनीती किंवा अपाय. राधेच्या पतीचे नाव म्हणून ते मराठी वाचकाला परिचित आहे हे खरे, पण विनयाचा भाऊ म्हणून ते निवडू नये. प्रथमेश हे आज रूढ असलेले नाव ‘प्रथम पूजला जाणारा ईश’ अशा अर्थाने गणपतीला लावले जाते आणि त्या अर्थाला काही बाध नाही. परंतु प्रमथ म्हणजे शिवाचे गण, आणि त्यांचा स्वामी या अर्थाने अथर्वशीर्षात गणपतीला प्रमथपती म्हटले आहे, त्यावरून प्रमथेश हेही एक अर्थपूर्ण नाव तयार होते. श्रेयांश हे लेखन सर्रास आढळते, पण अकराव्या जैन तीर्थंकरांचे नाव श्रेयांसनाथ असून त्यात दंत्य ‘स’ आहे. श्रेयस् याच शब्दाचे ते रूप आहे, त्यात ‘अंश’ नाही.

पेणच्या संदर्भात पार्थ आणि पार्थिव ही जोडी विशेष विचारात घेण्यासारखी आहे. पार्थ म्हणजे पृथेचा, म्हणजे कुंतीचा मुलगा, अर्जुन. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, मातीचा, आणि त्यावरून पृथ्वीचा स्वामी, राजा. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला होते ते पार्थिव गणेशपूजन, म्हणजे मातीच्या मूर्तीचे पूजन. ज्या गावात शाडूच्या मातीला हात लावून शेकडो कुटुंबे आपले घर चालवतात, त्या गावात पार्थिव या शब्दाला एक स्वतःचे तेज आहे. तरीसुद्धा आजच्या मराठी वृत्तपत्रांत आणि निधनवार्तांत पार्थिव हा शब्द मृतदेह या अर्थाने इतका रूढ झाला आहे, की मोठा झाल्यावर त्या नावाच्या मुलाला तो रोजच्या वाचनात खटकण्याची शक्यता राहते. शब्दाचा मूळ अर्थ कितीही उदात्त असला, तरी चालू भाषेतील अर्थ नाकारता येत नाही, आणि या जोडीत पार्थ हेच नाव अधिक सुरक्षित म्हणावे लागते.

आडनावांची मर्यादित संख्या हा या भागातील आणखी एक घटक आहे. पाटील, म्हात्रे, ठाकूर अशी आडनावे अनेक गावांत इतकी सर्वत्र पसरलेली आहेत, की केवळ आडनावाने माणूस ओळखला जात नाही. ओळखीचे काम स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव यांनाच करावे लागते. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात झालेल्या शेतकऱ्यांच्या संपाचे नेते नारायण नागू पाटील यांचे नाव वडिलांच्या नावासह पूर्ण घेतले जाते ते म्हणूनच. ते केवळ आद्याक्षरांनी ‘ना. ना. पाटील’ असे लिहिले, तर वाचताना साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाशी त्याची गल्लत होण्यास वेळ लागत नाही, आणि दोघेही शेतकऱ्यांसाठी लढणारे. पेशवाईच्या इतिहासात तर हा गुंता दुहेरी आहे: बाळाजी बाजीराव म्हणजे नानासाहेब पेशवे आणि बाळाजी जनार्दन म्हणजे नाना फडणवीस, असे मूळ नाव आणि घरगुती नाव दोन्ही जुळलेले दोन थोर पुरुष एकाच शतकात होऊन गेले. त्यांना वेगळे ठेवते ते केवळ वडिलांचे नाव. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरविला आहे. त्यामुळे मुलाचे नाव आता आईच्या नावाला लागूनच वाचले जाईल. आईचे नाव आरती आणि वडिलांचे अरविंद असताना मुलाचे नाव आरव ठेवले, तर तिन्ही नावांचा आरंभ जवळजवळ एकाच ध्वनीने होतो, आद्याक्षरे काही सांगत नाहीत आणि नाव भरणाऱ्या कारकुनाच्या हातून चूक होण्याची शक्यता वाढते.

घरातल्या घरात होणारी गल्लत मात्र मुख्यतः ध्वनीमुळे होत नाही, हे सांगणे न्यायाचे आहे. एका मुलाला हाक मारताना आई दुसऱ्याचेच नाव घेते, या अनुभवाचा अभ्यास ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी करून २०१६ साली प्रसिद्ध केला. सतराशेहून अधिक लोकांकडून मिळालेल्या माहितीवरून त्यांना असे आढळले, की अशी चूक प्रामुख्याने एकाच नात्याच्या गटात होते, भावंडांच्या नावांत भावंडांची आणि मित्रांच्या नावांत मित्रांची. चेहऱ्याच्या साम्याचा त्यात फारसा भाग नसतो, तर नावाचा आरंभ किंवा शेवट सारखा असणे त्या चुकीला हातभार लावते. म्हणजे दोन भावांची नावे कितीही भिन्न ठेवली, तरी आजी कधीतरी त्यांची अदलाबदल करणारच. ध्वनिसाम्य टाळल्याने ती अदलाबदल थोडी कमी होईल, पूर्ण थांबणार नाही, आणि ती थांबावी असेही काही नाही, कारण ती एकाच मायेच्या कप्प्यात दोघांनाही ठेवले असल्याची खूण आहे.

या सर्वांतून निर्णयाची दिशा निघते ती अशी. दोन सारख्या नावांपैकी निवड करताना प्रथम प्रत्येक नाव हाकेत कसे लहान होईल ते मोठ्याने उच्चारून पाहावे, आणि दोन्हींचे लघुरूप एकच होत असेल, तर घरात आणि भावकीत आधीच त्या लघुरूपाचा कोणी आहे का ते आठवावे. मग घरातील सर्वांत वयस्कर माणसाकडून ते नाव म्हणवून घ्यावे, कारण त्याच्या तोंडातील बोली त्या नावाचा खरा पहिला उच्चार ठरवेल. अर्थ संस्कृत किंवा मराठी कोशात पाहावा. यादीतील अर्थ पुरेसा नाही. आजोबांची आठवण जपायची असेल, तर नावाच्या ध्वनीबरोबर त्याचे मूळही जुळते का हे पाहावे, आणि जुळत असेल, तर बाकीच्या किरकोळ अडचणींकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही; विनायकाच्या घरात विनय हे नाव म्हणूनच अनयापेक्षा सर्व दृष्टींनी सरस आहे.

बाराव्या दिवसाची घाई कागदाला मुळीच नाही. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावी लागते, परंतु ती नोंद नावाशिवायही करता येते. नंतर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क भरता येते आणि त्यापुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पेण शहरात हे काम पेण नगरपरिषदेत, रोह्यात रोहा अष्टमी नगरपरिषदेत आणि गावांत ग्रामपंचायतीत होते. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी आणि आधार अशा अनेक कामांत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा ठरतो. म्हणून नाव भरताना देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांतील लेखन स्वतः कागदावर लिहून न्यावे, आणि दाखला हाती घेताच त्यातील प्रत्येक काना, मात्रा व वेलांटी तेथेच उभे राहून तपासावी.